दीडशे रुपयांत चौघांचं जेवण आणि रोजचा 133 रुपयांचा हप्ता

कोल्हापूरजवळच्या उचगावच्या एका ताईंचं पत्र आलंय. थोडं आवरून देतो:

"यजमान शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत. पीएफ, ईएसआय कापून हातात 18,800 येतात. मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, त्याचे 3,200 सुटतात. भाडं 4,500, लाइट-गॅस 1,700, गाडीचा हप्ता 2,300, पेट्रोल 1,500, मुलीची रिक्षा आणि मुलाच्या प्लेग्रुपची फी मिळून 1,500, मोबाईल 500, दवाखाना-कपडे-सणवार 1,500 आणि दोन पॉलिसींचे 4,000. उरतात 4,500, म्हणजे रोजचे दीडशे. त्यात चार माणसं जेवायची. मुलगी आठ वर्षांची, अनुदानित शाळेत तिसरीत. तिचं हिमोग्लोबिन 9.4 आलंय. शेजारच्या वहिनी पौष्टिक पावडर विकतात, महिन्याला 1,350 चा डबा. तीन महिन्यांत रक्त वाढतं म्हणतात. घेऊ का? नाहीतर दीडशे रुपयांत पौष्टिक काय करून घालू? रेशनचं मोफत धान्य मिळेल का? कुठंही काटकसर करायची तयारी आहे, फक्त पॉलिसीला हात लावायचा नाही. एक यजमानांच्या नावावर आहे, तिला सहा वर्षं झाली, 20 वर्षांनी 14 लाख मिळणार आहेत. दुसरी मुलीच्या नावावर गेल्या वर्षी काढली. दोन्ही यजमानांच्या मावसभावाकडून."

ताई, पावडर घेऊ नका. जेवणाच्या 4,500 मधले 1,350 म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा एका डब्यात जाईल आणि बाकीचे तिघं त्या महिन्यात कमी खातील. तेवढ्याच पैशांत शंभर अंडी (700), दोन किलो शेंगदाणे (260), दोन किलो गूळ (100) आणि तीन किलो अख्खा मसूर येतो. डब्यामागचा तक्ता आणि घटकांची यादी वाचा, म्हणजे त्यात प्रथिनं किती आणि साखर किती ते कळेल. मुलीचं रक्त वाढायचं ते डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या औषधानं. ते नेमानं द्या, बरोबर चहा किंवा दूध देऊ नका, लिंबाचं सरबत दिलं तर चांगलं. सकाळचा चहा-बटर तिच्यापुरता तरी बंद करा, कारण चहामुळं जेवणातलं लोह अंगी कमी लागतं. जंताच्या गोळीचंही डॉक्टरांना विचारा. आणि यजमानांचा ईएसआय (कामगार विमा) कापला जातोय म्हणजे तुम्हा चौघांचाही दवाखाना त्यात येतो. तपासणी आणि औषधं तिथं मोफत आहेत. पगारातून दर महिन्याला त्याचे पैसे जातात, तर कार्ड वापरा.

मोफत धान्य मिळणार नाही. त्या यादीसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात 44,000 आणि शहरात 59,000 आहे. तुमचं वर्षाचं अडीच लाखांच्या पुढं जातं. त्यासाठी कुणाला पैसे देऊन दाखला काढायच्या भानगडीत पडू नका. पण शाळेतलं दुपारचं जेवण आणि अंगणवाडी यांना उत्पन्नाची अट नाही. मुलगी शाळेत जेवत असेल तर जेवू द्या, डब्यात त्याच्या जोडीला काहीतरी द्या. तीन वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत घाला. तिथं नाश्ता आणि गरम जेवण मिळतं, वजन-उंचीची नोंद होते. प्लेग्रुपची फी वाचेल ती वेगळीच.

आता दीडशेचा हिशेब. सध्याच्या भावानं, ढोबळ धरतो. शाळू (ज्वारी) आणि गहू मिळून 20 किलोचे 800, तांदूळ 12 किलोचे 540, डाळी आणि कडधान्यं सहा किलोची 600, तेल तीन लिटर 450, शेंगदाणे दीड किलो 200, चहा-साखर-गूळ 350, मीठ-मसाला 150. माळव्याला (भाजीपाल्याला) रोज 30 धरले तर 900. झाले 3,990. दूध रोज पाव लिटर घेतलं की 450. एकूण 4,440.

म्हणजे 4,500 मध्ये पोट भरतं. डाळी, कडधान्यं आणि शेंगदाणे यांच्यामुळं प्रथिनंही बऱ्यापैकी येतात, पण ती या यादीत काटकसर न करता घेतली तरच. बहुतेक घरांत महिनाअखेरीला पहिली कात्री डाळीला लागते आणि पातळ आमटीवर भात सुरू होतो. तुम्ही कात्री तांदळाला लावा, डाळीला नको. तूरडाळ महाग आहे, तिच्यावर अडून बसू नका. अख्खा मसूर, मटकी, चवळी, हुलगे आलटून पालटून करा. आठवड्यातून दोनदा हुलग्याचं माडगं किंवा उसळ, दोनदा अख्खा मसूर, एकदा पिठलं. भाजीत आणि कोरड्यासात शेंगदाण्याचं कूट हात आखडता न घेता घाला. मेथी, पोकळा, शेपू, अंबाडी यांतलं जे त्या दिवशी स्वस्त असेल ते घ्या. लक्ष्मीपुरीतल्या रविवारच्या बाजारात संध्याकाळी उशिरा गेलात तर पालेभाजीची जुडी सकाळच्या भावापेक्षा बरीच खाली आलेली असते. तेल, चहापूड, मसाला यांच्या दहा-दहा रुपयांच्या पुड्या हाच तुमच्यासारख्या घरातला सगळ्यात महाग बाजार. हातात पैसे नसल्यानं पुडी घ्यावी लागते आणि पुडीमुळं हातात पैसे राहत नाहीत. वर्षाचा शाळू सुगीनंतर आणि वर्षाची चटणी (लाल तिखट) उन्हाळ्यात करता आली, तर महिन्याला दोन-तीनशे सहज सुटतील. पण त्यासाठी एकरकमी चार-पाच हजार हातात असायला लागतात, आणि तुमच्याकडं तेच नाहीत.

यादी परत बघा. त्यात अंडं नाही, फळ नाही. आठ वर्षांच्या, रक्त कमी असलेल्या मुलीच्या आणि तीन वर्षांच्या मुलाच्या वाट्याला मिळून दिवसाला कपभर दूध. भट्टीसमोर दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाला हे जेवण कमी पडतं. तुम्ही स्वतः सगळ्यात शेवटी जेवत असणार, तेव्हा तुमच्या ताटात काय उरतं ते तुम्हाला माहीत आहे. या 4,500 मध्ये मी कितीही पदार्थ सुचवले तरी ही उणीव भरून निघत नाही. म्हणून ज्याला हात लावायचा नाही असं तुम्ही लिहिलंय, त्याच्याविषयीच मला बोलायला हवं.

चार माणसांच्या जेवणाला रोज 150 आणि पॉलिसींना रोज 133. या पगारात ही वाटणी कुणीही सुचवायला नको होती. मावसभावानं पगाराची चिठ्ठी बघून ती सुचवली, याचा मला राग येतो.

पहिली पॉलिसी, 2,400 रुपयांची. वर्षाचे 28,800, वीस वर्षांत भरणार 5 लाख 76 हजार. विमा रक्कम 5 लाख. 14 लाख मिळायचे तर या पैशांवर दरवर्षी, न चुकता, 8 टक्के सुटायला हवेत. बोनसच्या अशा पॉलिसीत साधारण 5 टक्के सुटतात, म्हणजे साडेनऊ-दहा लाख. पॉलिसी देताना जो तक्ता दाखवतात त्यात 4 आणि 8 टक्के असे दोन रकाने असतात. दोन्हीही कल्पून मांडलेले, हमी नसलेले. तुम्हाला 8 टक्क्यांच्या रकान्याचं बोट धरून स्वप्न दाखवलेलं दिसतंय. बरं, दहा लाख मिळाले असं धरा. अजून 14 वर्षं आहेत. महागाई 6 टक्के धरली तर त्या दहा लाखांत आजच्या साडेचार लाखांइतकंच येईल.

आणि मधल्या काळात यजमानांना काही झालं तर? 5 लाख आणि जमलेला बोनस. घरभाडं, दोन मुलांचं शिक्षण आणि तुमचं शिवणकाम, एवढ्यावर ते किती वर्षं पुरतील? पॉलिसी "भविष्याची" म्हणता, पण मुलांच्या भविष्याला सगळ्यात मोठा धोका बापाचा पगार थांबण्याचा आहे, आणि त्यासाठी महिन्याला चार हजार भरूनही तुमच्याकडं जेमतेम दोन वर्षांच्या खर्चाचा विमा आहे.

दुसरी, मुलीच्या नावाची, 1,600 रुपयांची. आठ वर्षांच्या मुलीच्या कमाईवर घर चालत नाही, मग तिच्या आयुष्याचा विमा कशाला? मुलांच्या योजनेत बहुतेक वेळा असंच होतं. नावात मूल असतं म्हणून आईबाप नाही म्हणत नाहीत. पहिल्या वर्षाच्या हप्त्यात विकणाऱ्याचा वाटा मोठा असतो, हे त्या मावसभावाला माहीत होतं, तुम्हाला नव्हतं.

आता काय करायचं ते क्रमानं करा. क्रम महत्त्वाचा आहे.

आधी यजमानांचा नुसता मुदत विमा काढा, ज्यात शेवटी काही परत मिळत नाही तो. 25 लाखांचा. वय 34 असेल, तंबाखू-मावा नसेल तर महिन्याला सातशे-आठशे धरून चाला. तंबाखू असेल तर अर्जात खरं लिहा, नाहीतर दाव्याच्या वेळी तुम्हालाच फिरावं लागेल. शिक्षण कमी किंवा काम फाउंड्रीतलं म्हणून कुणी टाळलं, तर "सरल जीवन विमा" मागा. ती सगळ्या कंपन्यांची सारख्या अटींची योजना आहे, 5 ते 25 लाखांची, तिच्यात व्यवसायाची आणि शिक्षणाची अट घालता येत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. त्याशिवाय पगार जमा होतो त्या बँकेत प्रधानमंत्री जीवन ज्योती (वर्षाला 436) आणि सुरक्षा विमा (वर्षाला 20) यांचे फॉर्म भरा. दोन्ही 2-2 लाखांचे, दुसरा फक्त अपघाताचा.

पीएफबरोबर आणखी एक विमा येतो, त्याचा वेगळा हप्ता पगारातून कापत नाहीत: ईडीएलआय, कमाल 7 लाखांचा. नोकरीत असताना माणूस गेला तर तो नामांकनात (नॉमिनी म्हणून) ज्याचं नाव दिलंय त्याला मिळतो. पीएफमधलं लग्नाआधीचं नामांकन लग्नानंतर रद्द ठरतं. यजमानांनी लग्नानंतर ते नव्यानं केलंय का, हे आजच बघा. मोबाईलवरून होतं, पैसे लागत नाहीत.

नवी पॉलिसी हातात आल्यावरच, त्याआधी नाही, जुन्यांकडं वळा. सहा वर्षांची पॉलिसी मोडू नका, पेडअप करा. म्हणजे हप्ता बंद, विमा रक्कम भरलेल्या वर्षांच्या प्रमाणात. वीसपैकी सहा वर्षं भरलीत, म्हणून दीड लाख, अधिक आतापर्यंतचा बोनस, मुदत संपल्यावर मिळेल. आज मोडली तर हातात साधारण लाखभर येईल. पेडअप ठेवली तर 14 वर्षांनी अडीच-पावणेतीन लाख. तुम्हाला आज एकरकमी नड नाही, म्हणून पेडअप बरी. दुसरी मात्र सरळ बंद करा. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमानं पहिल्या वर्षाचे सगळे हप्ते भरले असतील तर वर्षानंतर काहीतरी परत मिळतं. किती, ते शाखेतून लेखी घ्या. भरलेल्या 22,400 पैकी निम्मेही येतील असं धरू नका. ते गेलेले पैसे वाईट वाटायला लावतील, पण ते परत यावेत म्हणून आणखी पंधरा-वीस वर्षं दरमहा 1,600 भरणं हा त्याहून मोठा तोटा आहे.

मोकळ्या झालेल्या 4,000 ची वाटणी: मुदत विमा 800, सरकारी विम्यांचे महिन्याला 40, मुलीच्या नावानं पोस्टात सुकन्या खातं 500. सुकन्याला सध्या 8.2 टक्के व्याज आहे, ज्या महिन्यात जमणार नाही त्या महिन्यात नाही भरलं तरी चालतं, वर्षाला किमान 250 जायला हवेत. 660 बचत खात्यात, नडीसाठी आणि सुगीतल्या शाळूसाठी. दुसऱ्या पॉलिसीचे जे परत येतील तेही तिथंच.

उरलेले 2,000 जेवणात. त्यात दूध पाव लिटरचं अर्धा लिटर झालं की 450. रोज तीन अंडी, महिन्याला साधारण 630: दोन मुलांची, एक तुमचं नाहीतर यजमानांचं, आलटून पालटून. केळी-पेरूला 400, पालेभाजीला आणखी 300, एखाद्या रविवारी चिकनला 200. रोजचे दीडशे जाऊन 215 च्या आसपास. शिवणकामाची दिवाळीतली जास्तीची कमाई मी यात धरलेली नाही, ती तुमची.

मावसभाऊ घरी येतील, "पॉलिसी मोडली तर नुकसान होतं" म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नका. 14 लाखांची हमी कंपनीच्या कागदावर, शिक्क्यानिशी मागा. ती मिळणार नाही. पेडअपचा अर्ज त्यांच्या हातात देऊ नका. यजमानांबरोबर स्वतः शाखेत जा, पोच घ्या, आणि बँकेतली हप्त्याची आपोआप होणारी वजावट बंद करा. सहा वर्षं भरलेल्या पॉलिसीचा हप्ता थांबला की ती आपोआप पेडअप होते; थकबाकीचं आणि व्याजाचं बोलणं ती पुन्हा चालू करायची असेल तरच येतं.