आई-बाबांना घेऊन तंजावर: दिवसाला एकच देऊळ

आठ दिवसांत कांचीपुरम, महाबलीपुरम, तंजावर, मदुराई, रामेश्वर. आईचे गुडघे दुखतात, वडील 79 वर्षांचे. जमेल का, असं विचारलंय तुम्ही. गाडीला जमेल, आई-बाबांना नाही. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या आईवडिलांना नेलं, तेव्हा अशीच यादी केली होती. दुसऱ्याच संध्याकाळी आईचे पाय सुजले. मग उरलेली सगळी गावं सोडून आम्ही तंजावरलाच चार रात्री राहिलो. तुम्ही निघण्याआधीच तसं ठरवा.

तिकडची बहुतेक मोठी देवळं दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात, ती चारला उघडतात. दहानंतर फरशी तापते आणि चपला बाहेर ठेवाव्या लागतात. काथ्याच्या चटया घातलेल्या असतात, पण सगळीकडे नाही. म्हणून जाड सुती मोज्यांचे दोन जोड घ्या आणि बृहदीश्वराला, म्हणजे तंजावरच्या मोठ्या शिवमंदिरात, सकाळी सहा-साडेसहालाच पोचा. तेव्हा दगड गार असतो, गर्दीही नसते. प्रदोषाचा दिवस मात्र टाळा. नंदीच्या अभिषेकाला त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते.

घडीचं हलकं स्टूल जवळ ठेवा. राजराज चोळाने 1010 साली पुरं केलेलं इथलं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, सुमारे 66 मीटर उंच आहे. उभ्याने वर बघत राहिलं की मान अवघडते आणि म्हाताऱ्या माणसाला भोवंडही येऊ शकते. बसून बघू द्या. गाभाऱ्याकडे जायला पायऱ्या चढाव्या लागतात. तिथे दोघांनी दोन्ही बाजूंनी आधार द्यायचा, घाई करायची नाही. लिंग इतकं प्रचंड आहे की लांबूनही दर्शन होतं.

वडिलांना आवाराच्या नैऋत्येकडच्या ओवरीत नक्की न्या. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास तिथल्या भिंतीवर मराठीत कोरून घेतलाय. माझे बाबा निवृत्त शिक्षक. चष्मा पुसून, बोट भिंतीपासून वीतभर दूर धरून ते एकेक ओळ मोठ्याने वाचत होते. जोडाक्षरापाशी अडले की मागे जाऊन पुन्हा सुरू करत. आई म्हणाली, "अहो, बसून वाचा की." पाऊण तास गेला. त्या दिवशी आम्ही दुसरं काही पाहिलं नाही.

संग्रहालयासाठी वेगळी सकाळ ठेवा. राजवाड्यातल्या कलादालनात चोळांच्या कांस्यमूर्ती आहेत. सगळ्यांपुढून फिरू नका, तिरुवेंकाडूच्या वृषवाहन शिवापाशी थांबा. ती 1011च्या सुमाराची. डोक्याला जटांचा फेटा, आणि एक हात हवेत टेकलेला. आईने विचारलं, "हात कशावर ठेवलाय रे?" नंदीवर, तो नंदी आज नाही. त्या कोपराचा सैलपणा बघत ती बराच वेळ उभी होती, गुडघ्यांची आठवण न काढता. तिथेच सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळाही आहे. शेजारच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मांडलेल्या वस्तू थोड्याच आहेत, त्यामुळे दम लागत नाही. राजांना वैद्यकाची फार आवड होती; त्यांच्या काळच्या नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी या ग्रंथालयाने जपल्यात. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यांना याचं भारी कौतुक वाटलं. उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला विचारून घ्या. राजवाड्याचा घंटामनोरा चढू नका.

तिसऱ्या दिवशी दारासुरमचं देऊळ, कुंभकोणमच्या अलीकडे, गाडीने तासाभरावर. बृहदीश्वरापेक्षा ते पुष्कळ लहान आहे आणि कोरीवकाम डोळ्यांच्या उंचीवर. म्हाताऱ्या माणसांसाठी मला तेच सगळ्यात सोयीचं वाटलं. तिरुचिरापल्लीचा रॉकफोर्ट मात्र सरळ वगळा, वर जायला चारशेहून अधिक पायऱ्या आहेत. तिथलं श्रीरंगमचं देऊळ करायचंच असेल तर परतीच्या संध्याकाळी, तेवढं एकच.

खोली तळमजल्यावर किंवा लिफ्टजवळची, कमोड आहे का ते फोनवर विचारूनच घ्या. दुपारी दहीभात आणि दोन तास झोप. औषधांची पिशवी गाडीच्या डिकीत नको, ती उन्हात तापते. तुमच्या खांद्यावरच असू द्या. आणि जानेवारीत जा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे पावसाचे, ओल्या दगडावर पाय घसरतो.