एल्डरबेरी : आधी निवडा, मग शिजवा

प्रश्न : आम्हाला ताज्या एल्डरबेरीचे, म्हणजे एका झुडपाला लागणाऱ्या बारीक काळ्या फळांचे, बरेच घोस मिळाले आहेत. त्यांचा कच्चा रस काढून प्यायला चालेल का? शिवाय मागच्या खेपेस केलेली जेली घट्ट न होता पाकासारखी पातळच राहिली. असे का झाले असावे?

उत्तर : कच्चा रस कृपया पिऊ नका. एल्डरबेरीची पाने, डहाळ्या, देठ आणि हिरवी फळे यांत असे द्रव्य असते की, ते पोटात गेल्यावर त्यापासून सायनाइड तयार होते. पिकलेल्या काळ्या फळांत, विशेषतः त्यांच्या बियांत, त्याचे प्रमाण कमी असले तरी ते अजिबात नसते असे नाही. १९८३ साली कॅलिफोर्नियात पाने-डहाळ्यांसकट चेचलेल्या रानटी एल्डरबेरीचा रस प्यायलेल्या आठ जणांना उलट्या होऊ लागल्याने हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावे लागले होते.

म्हणून सर्वांत जास्त वेळ निवडण्यास द्यावा. घोस रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवले, तर गोठलेली फळे हलक्या झटक्यानेही न फुटता गळून पडतात. ताजीच निवडायची असल्यास काटा-चमच्यातील काट्याने, केस विंचरावेत तशी ती ओढून काढावीत. बोटे जांभळी होतात, पण दोऱ्याएवढे बारीक देठ हातांनीच वेचावे लागतात. नंतर फळे पाण्यात टाकावीत. कच्ची, हिरवी फळे आणि काडीकचरा वर तरंगतो, तो काढून टाकावा. लाल एल्डरबेरी स्वयंपाकात वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवडलेली फळे थोड्या पाण्यात, झाकण न ठेवता, उकळी फुटल्यापासून १५ ते २० मिनिटे शिजवावीत, कारण उष्णतेने हे घातक द्रव्य मोडते आणि त्यातून सुटणारा वायू वाफेबरोबर निघून जातो. मग पळीच्या पाठीने फळे ठेचून रस फडक्यातून गाळावा आणि बिया टाकून द्याव्यात. वाळवलेली फळेही अशीच शिजवावीत.

आता जेलीविषयी. या फळात पेक्टिन (जेली घट्ट करणारे फळांतील द्रव्य) आणि आंबटपणा हे दोन्ही कमी असल्यामुळे नुसती साखर घालून जेली धरत नाही. आंबट सफरचंदाचा रस किंवा विकतचे पेक्टिन, आणि जोडीला लिंबाचा रस घालावा. आंबटपणा कमी असल्यानेच या रसाचा घरी केलेला पाक बाटलीत भरून बाहेर ठेवू नये. तो फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवावा. जास्त असल्यास लहान डब्यांत गोठवावा.