फड पद्धतीवर निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थिनीस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. 'खान्देशातील सिंचन' हा विषय झाला; त्यावर तीन हजार शब्द काय, आख्खा ग्रंथ लिहिलास तरी पुरायचा नाही. निबंधाला प्रश्न लागतो. पांझरा नदीकाठची फड पद्धत तू दोन ओळींत उरकलीस आणि खरा निबंध तिथेच दडलाय.

बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाण्याची पाळी पाटकऱ्याने सांभाळायची. शेतकरीच हे सगळं चालवत. मग शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचायचं कशामुळे? गावाच्या धाकाने? की प्रत्येकाची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली, त्यामुळे कुठलाच फड सुकलेला कुणाला परवडत नसे म्हणून? दोन्ही उत्तरं संभवतात. तुला एक बाजू घ्यावी लागेल, पुराव्यानिशी. आज जे वाटतंय ते एका वाक्यात लिहून ठेव. वाचताना ते बदललं तर बदलू दे.

१८८० चं खान्देश गॅझेटियर जरूर उघड, पण ते शेतसारा वसूल करणाऱ्या सरकारने लिहिलंय. शिवाय त्यातला खान्देश म्हणजे १९०६ च्या विभाजनाआधीचा अखंड जिल्हा. तिथला आकडा उचलून आजच्या धुळे जिल्ह्याच्या आकड्याशेजारी ठेवलास तर परीक्षक लाल रेघ मारतील, आणि मारावीच. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात चौकशी कर. एखादा म्हातारा पाटकरी भेटला तर त्याचं अहिराणी बोलणं जसंच्या तसं उतरव, गाव आणि तारीख घाल. टिपण काढतानाच पान क्रमांक टाक. हे सांगून मी थकलो, तरी पोरं शेवटच्या रात्री पानं धुंडाळतातच.

लिहायला बसण्याआधी प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य लिही आणि ती वाक्यं सलग वाच. मुद्दा पुढे सरकत नसेल तर क्रम बदल. प्रस्तावना सर्वांत शेवटी. 'पाणी म्हणजे जीवन' वगैरे आत्ताच खोड.

विहिरी, मोटारी आल्यावर हे का विस्कटलं, तिकडे वळायचा मोह होईल. तो वेगळा निबंध आहे.

रविवारपर्यंत प्रश्न आणि ते एक वाक्य, एवढंच पाठव. नवा आराखडा आत्ता नको.

तुझे,
सर