सोनं गारगोटीच्या पांढऱ्या शिरांमध्येच का सापडतं?

‘गारगोटीतच’ म्हणणं अर्धंच खरं. जमिनीखाली काही किलोमीटरवर साधारण 250 ते 400 अंश सेल्सिअस तापलेलं पाणी खडकांतल्या भेगांतून वर सरकतं. त्यात सिलिका, म्हणजे गारगोटी जिची बनते तो पदार्थ, विरघळलेली असते आणि गंधकाशी जोडी जमवून आलेलं सोनंही, तेही अगदी नगण्य. भूकंपात भ्रंश, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतात ती मोठी फट, सरकला की भेग उघडते, दाब झटकन उतरतो आणि सिलिका गारगोटी होऊन भेगेत बसते. हे शेकडो वेळा घडतं, म्हणून पुष्कळ शिरा थरावर थर दिसतात. म्हणजे गारगोटी सोनं तयार करत नाही, दोघांची वाट एक, इतकंच.

खरी गंमत मला शिरेच्या कडेला वाटते. तिथल्या खडकात लोह असेल तर पाण्यातलं गंधक त्याला चिकटून पायराइट हे सोन्यासारखं पिवळं चमकणारं खनिज बनतं. जोडीदार गेला की सोन्याला विरघळून राहता येत नाही, ते तिथेच पडतं, बरेचदा पायराइटच्या कणांतच अडकून. त्यामुळे कित्येक खाणींत शिरेइतकंच, कधी जास्तही, सोनं या बदललेल्या खडकात असतं. डोळ्यांना मात्र ते दिसत नाही. टनामागे चार-पाच ग्रॅम म्हणजे चांगलं खनिज!

शुभ्र, स्वच्छ गारगोटी बहुतेक वेळा रिकामीच निघते. गंजाचे तपकिरी डाग आणि चौकोनी खळगे दिसले तर थांबा: तिथलं पायराइट कुजून गेलेलं असतं, खळग्यात कधीतरी सोन्याचा कण उरतो. सुईने टोचून बघा. सोनं दबतं, पायराइटचा भुगा होतो.