जुनी हवेची बोट घेताना

प्रश्न : मी मालवणजवळ राहतो. फायबरचा टणक तळ आणि कडेने हवेच्या नळ्या असलेली जुनी बोट प्रथमच घेत आहे. काय तपासावे?

उत्तर : इंजिनाआधी नळ्या पाहाव्यात. आपल्याकडच्या उन्हात पीव्हीसी या प्लास्टिकच्या नळ्या लवकर चिकट होतात आणि सांधे सुटू लागतात. हायपलॉन हे कृत्रिम रबर अधिक टिकते, त्यासाठी चार पैसे जास्त जरूर मोजावेत. नळ्या पूर्ण फुगवून सांध्यांवर व व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी फिरवावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दाब मोजावा, कारण रात्रीच्या गारव्याने उतरलेला दाब म्हणजे गळती नव्हे. इंजिन धरून हलवताना ते ज्यावर बसवलेले असते ती मागची फळी लवली किंवा बोल्टांच्या भोकांतून तपकिरी पाणी झिरपले, तर आतले लाकूड कुजलेले असण्याची दाट शक्यता असते. असा सौदा, किंमत कितीही उतरली तरी, कृपया करू नये.