रोमला किती रात्री?

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल आणि सोबतचा तक्ता काल रात्री निवांत बसून वाचला. शाळेत असताना इतिहासाच्या वहीत नकाशे रंगवणारी तू आता स्वतःच्या पगारातून साठवलेल्या पैशांवर युरोपला चाललीस, याचा मला किती आनंद झाला ते कागदावर मावणार नाही. तक्ता असा: रोम २ रात्री, व्हेनिस १, ल्युसर्न २, पॅरिस ४, ॲमस्टरडॅम २. आणि शेवटी एक ओळ, ‘बाई, रोमला दोन दिवस पुरतील ना?’

नाही गं, नाही पुरत. आणि पहिली गोष्ट म्हणजे ते दोन दिवस नाहीतच. तक्त्यात तू रात्री मोजल्यास आणि प्रश्नात दिवस म्हणालीस, गफलत तिथेच झाली. शनिवारी दुपारी तू फ्युमिचिनो विमानतळावर उतरणार. पासपोर्टची रांग, सामान, मग टर्मिनी स्टेशनपर्यंत थेट गाडीची ३२ मिनिटं. खोली हातात येईपर्यंत तीन वाजतील. नोव्हेंबरात रोमचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणजे तिथे रात्रीचे आठ वाजले की तुझ्या शरीरात साडेबारा वाजलेले असतात. सोमवारी सकाळी पुन्हा बॅग भरायची. हातात राहिला एकटा रविवार. आणि रविवारी व्हॅटिकनची संग्रहालयं बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा उघडा असतो, तोही दुपारपर्यंतच. तुझा रविवार दुसऱ्या आठवड्यातला. बोर्गेझे गॅलरी सोमवारी बंद. म्हणजे व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपलचं चित्रांचं छत नाही, आणि रविवार कलोसियमला दिलास तर बोर्गेझेतली, शिल्पकार बर्निनीची ती डाफ्नेही नाही, जिच्या संगमरवरी बोटांना पालवी फुटते आहे. इतक्या लांब जाऊन दार लावलेलं बघायचं?

हे मी अनुभवाने सांगते आहे. मी पहिल्यांदा गेले ती एका यात्रा कंपनीबरोबर, दीड दिवस. कलोसियमसमोर फोटोसाठी वीस मिनिटं, त्रेवीच्या कारंज्यापाशी पंधरा. घरी आल्यावर सगळ्यांना फोटो दाखवले, पण कोणी विचारलं, ‘तिथे काय वाटलं?’ तर सांगायला काही नव्हतं. त्याचं मला फार वाईट वाटलं होतं. आयुष्यभर मुलांना रोमन साम्राज्य शिकवलं आणि प्रत्यक्ष रोममध्ये मी फक्त बसमध्ये चढत-उतरत होते. निवृत्तीनंतर पुन्हा गेले ती सहा रात्रींसाठी. त्या वेळचा चौथा दिवस मला अजून लख्ख आठवतो.

त्या दिवशी काही ठरवलेलं नव्हतं. कलोसियमपासून चालत पाचेक मिनिटांवर सान क्लेमेंते नावाचं चर्च आहे, सहज आत गेले. वरचं चर्च बाराव्या शतकातलं, सोनेरी मोझेकचं. तिथून तिकीट काढून जिना उतरलं की त्याच्याखाली चौथ्या शतकातलं चर्च लागतं. १८५७ मध्ये एका आयरिश धर्मगुरूने खणायला सुरुवात केली तेव्हा ते हाती आलं. आणखी खाली उतरलं की रोमन काळातल्या भिंती, अरुंद बोळ आणि मिथ्र देवाचं छोटंसं देऊळ. अंधार, ओल, आणि भिंतीपलीकडून वाहत्या पाण्याचा आवाज. वर दोन हजार वर्षं गेली आणि खाली पाणी अजून वाहतंय! मिथ्र म्हणजे कोण, तर इराणी मिथ्र आणि आपला वैदिक मित्र यांचं नाव एकाच मुळातलं. शाळेच्या पटांगणावर तुम्हा सगळ्यांकडून रोज म्हणून घ्यायचे ना, ‘ॐ मित्राय नमः’? सूर्यनमस्कारातलं ते पहिलं नाव मी तिथे तळघरात उभी राहून हळूच म्हटलं. बरोबर कोणी नव्हतं. डोळे भरून आले.

दोन रात्रींच्या तक्त्यात सान क्लेमेंते कधीच बसत नाही. पहिला दिवस कलोसियमचा, दुसरा व्हॅटिकनचा, हे ठरलेलंच असतं आणि ते योग्यही आहे. ते चुकवू नकोस. पण रोम हे एकावर एक रचलेलं गाव आहे. तिथे मेट्रोच्या जुन्या मार्गिका दोनच, ए आणि बी, आणि त्या एकमेकींना भेटतात फक्त टर्मिनीला. तिसऱ्या मार्गासाठी खणायला घेतलं की अवशेष लागतात आणि काम थांबतं. सान जोव्हान्नी स्टेशनात तर खणताना सापडलेल्या वस्तू प्रवाशांना दिसतील अशा मांडून ठेवल्या आहेत. त्यामुळे गावाचा जुना भाग पायीच बघावा लागतो, आणि रस्ते काळ्या चौकोनी दगडांचे. संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात. दिवस मोजताना पायांनाही विचारायचं असतं.

उजेडाचंही गणित आहे. जूनमध्ये तिथे रात्री पावणेनऊपर्यंत सूर्य असतो, तू जातेस तेव्हा पाचच्या आत मावळतो. हिवाळ्यात कलोसियमही साडेचारला बंद होतं. तेव्हा उन्हाळ्यातले तीन दिवस म्हणजे नोव्हेंबरातले चार, असं धर. बदल्यात ऊन भाजत नाही आणि गर्दी कमी असते, तो फायदा मोठा आहे.

तर माझं मत: रोमला पाच रात्री. म्हणजे पूर्ण दिवस चार.

उतरलीस त्या संध्याकाळी तिकीट लागेल असं काहीही ठेवू नकोस, नुसती फीर. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला डोळे टक्क उघडतील, कारण आपल्याकडे साडेआठ वाजलेले असतील. अंथरुणात लोळू नकोस. उजाडता उजाडता त्रेवी आणि पॅन्थिऑन या जुन्या रोमन देवळाचा चौक जवळजवळ रिकामे असतात, तेवढ्यात ते बघून घे. पॅन्थिऑन उघडल्यावर पुन्हा आत जा. ४३.३ मीटर व्यासाचा घुमट, आणि जमिनीपासून वरच्या झरोक्यापर्यंतची उंचीही तेवढीच. झरोका उघडा आहे. पाऊस आला तर सरळ आत पडतो, आणि तो वाहून जायला फरशीत भोकं आहेत. नोव्हेंबरात पाऊस असतोच, बघायला मिळाला तर नशीबवान.

कलोसियम, फोरम म्हणजे जुन्या रोमचा मुख्य चौक, आणि पॅलॅटाइन टेकडी यांचं तिकीट एकत्र असतं. ते आधीच ऑनलाइन काढ, नावानिशी मिळतं, पासपोर्ट जवळ ठेव. या तिघांना अख्खा दिवस दे. व्हॅटिकनला दुसरा दिवस. फक्त बुधवार टाळ, पोप रोममध्ये असले की त्या सकाळी लोकांना भेटतात आणि सेंट पीटर्स चर्चमध्ये जाता येत नाही. तिसरा दिवस मोकळा सोड. अगदी मोकळा, त्याच्यापुढे रेघ मारून ठेव. हवं तर बोर्गेझेची दोन तासांची वेळ तेवढी घे, ती आरक्षणाशिवाय मिळत नाही. बाकी सान क्लेमेंते आहे. नव्होना चौकाजवळ सान लुईजी देई फ्रान्चेसी चर्चमध्ये काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत, फुकट. पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो, आणि तो विझेपर्यंत सगळे गप्प उभे असतात. छोटी चर्च दुपारी बाराएकपासून तीनचारपर्यंत बंद असतात, तेव्हा दुपारी खोलीवर जाऊन पाय वर करून पड. संध्याकाळी पुन्हा निघ.

आता चौथा दिवस, आणि हे मी हट्टाने सांगणार आहे. त्या दिवशी सकाळच्या वेगवान गाडीने नेपल्सला जा. सव्वा तास लागतो, रात्री परत. तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात एक हस्तिदंती बाई उभी आहे, वीतभरापेक्षा थोडी उंच, अंगभर दागिने, शेजारी दोन दासी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत पाँपेई गाव गाडलं गेलं तेव्हा ती तिथल्या एका घरात होती. १९३८ मध्ये सापडली. ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणतात, पण ती यक्षी असावी असं पुष्कळ अभ्यासकांना वाटतं. आपल्या तेरला आणि भोकरदनला अशाच घडणीच्या मूर्ती मिळाल्या आहेत, त्यामुळे ती मराठवाड्यातून गेली असावी असंही काहींचं म्हणणं आहे. मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी, म्हणजे वायव्येकडच्या जुन्या लिपीतलं, अक्षर आहे, म्हणून काहीजण तिकडे बोट दाखवतात. वाद मिटलेला नाही. तू जाऊन तिच्यासमोर उभी राहा आणि मग मला पत्र लिही. संग्रहालय मंगळवारी बंद असतं, तेवढं सांभाळ.

आता तू म्हणशील, पाच रात्री आणायच्या कुठून? ल्युसर्न आणि ॲमस्टरडॅम या खेपेला सोड. कठीण वाटेल, मला कळतं. पण प्रत्येक गाव बदलताना अर्धा दिवस जातो आणि खिशातून भाडंही जातं. व्हेनिसला एक रात्र म्हणजे पुन्हा तेच, दुपारी पोचायचं, सकाळी निघायचं. त्यापेक्षा फ्लोरेन्सला दोन रात्री कर, रोमहून दीड तास. पॅरिसच्या चार तशाच ठेव. रोममध्ये उतरायचं, पॅरिसहून परत यायचं. रात्री अकराच राहिल्या. हॉटेलच्या हिशेबात माणशी दर रात्रीचा शहरकर वेगळा धर, तो बहुतेक वेळा तिथेच भरावा लागतो. पाणी मात्र विकत घेऊ नकोस. रस्तोरस्ती ‘नाझोनी’ म्हणतात ते लोखंडी नळ आहेत, बाटली भरून घे. कॉफी उभ्याने पी, बसून घेतली की बऱ्याच ठिकाणी दर वाढतो.

आणि हा निर्णय व्हिसाच्या अर्जाआधी कर. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या या देशांच्या सामाईक व्हिसाचा, नियम असा की ज्या देशात सर्वांत जास्त दिवस, त्या देशाकडे अर्ज. तुझ्या आत्ताच्या तक्त्यात इटलीच्या तीन रात्री आणि फ्रान्सच्या चार, म्हणजे अर्ज फ्रान्सकडे गेला असता. नव्यात इटलीच्या सात होतात, अर्ज इटलीकडे. एका देशाला एक सांगून दुसरीकडे जास्त राहणं बरं नाही. मुदत जाण्याच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत असते, पण शेवटच्या दिवसांवर ठेवू नकोस. दिवाळीच्या आधी भेटीच्या वेळा मिळणं कठीण होतं.

तुला जुन्या दगडांची ओढ नसती तर मी तीन रात्री म्हणाले असते आणि त्यात काही वावगं नव्हतं. पण सातवीत असताना सहलीला पन्हाळ्यावर अंबरखान्यातून तू बाहेर यायला तयार नव्हतीस. बस थांबली होती, मी हाका मारत होते. त्या मुलीला मी दोन रात्रींचं रोम कसं सांगू?

नवा तक्ता केलास की पाठव. आणि निघण्याआधी एक शनिवार-रविवार कोल्हापूरला ये. टाउन हॉलच्या संग्रहालयात पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात मिळालेली. ग्रीकांचा समुद्रदेव आपल्या गावात कसा आला ते तिथेच उभं राहून सांगते, मग घरी जेवू. तुझ्या आवडीचं पिठलं-भाकरी करीन.

तुझ्या बाई