बदलापूरचं घर की मरोळची खोली?

प्रश्न : ताई, मी 23 वर्षांची आहे. माझं गाव औशाजवळ, लातूर जिल्ह्यात. मुंबईत मरोळला एका कंपनीत अकाउंट्समध्ये नोकरी लागलीय, 1 जूनला रुजू व्हायचंय. बदलापूरला मामांचं घर आहे, तिथे भाडं लागणार नाही. ऑफिसपासून चालत जाता येईल अशी मुलींची एक पीजी आहे, पण चौघींत एक खोली, आणि पगाराचा तिसरा हिस्सा त्यातच जाईल. घरचे म्हणतात मामांकडे राहा. आईला रात्रीच्या प्रवासाची काळजी वाटते, मला लोकलचीच भीती वाटते. कुठे राहू? आणि तिथे गेल्यावर काय काय सोसावं लागेल?

उत्तर : पहिला पावसाळा मरोळला राहा. मामांकडे सुट्टीच्या दिवशी जा.

पगाराचा तिसरा हिस्सा म्हणजे काय, ते मला कळतं. मी 1987 साली बार्शीहून आले आणि निवृत्त होईपर्यंत डोंबिवलीहून फोर्टला जात होते. लांब राहून वाचलेलं भाडं आपण रोज तासांनी फेडत असतो. तुझाच हिशेब बघ. बदलापूर ते घाटकोपर फास्ट गाडीने तासभर. तिथून पुलावरून मेट्रोत, मरोळ नाका दहा-बारा मिनिटं. ऐकायला सोपं वाटतं. पण घरापासून स्टेशनपर्यंतची रिक्षा, डोळ्यांदेखत सुटलेली गाडी, मेट्रोतली तपासणीची रांग हे सगळं धरलंस की एका बाजूला दोन तास जातात. अकाउंट्समध्ये महिनाअखेरीला उशीर ठरलेलाच. मग घरी पोचायला साडेदहा-अकरा. शिकायच्या दिवसांत इतकं थकून चालणार नाही गं.

शिवाय तू येतेस ऐन जूनमध्ये. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. तसा पाऊस रोज पडत नाही, पण भरती आणि जोरदार पाऊस एकाच वेळी आले की रुळांवर पाणी साचतं आणि गाड्या थांबतात. अशा दिवशी चालत खोलीवर पोचता येणं फार मोलाचं आहे. रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यातून मात्र एकटीने चालू नकोस, खाली उघडं गटार असलं तर दिसत नाही.

खोली घेताना जेवण, वीज, डिपॉझिट परत कधी मिळणार, सोडताना किती दिवस आधी सांगायचं, हे सगळं लिहून घे. पैसे दिल्याची पावती घे. पुढे मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेतलात तर करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची असते, तरी आपणच मागे लागायचं. पाणी बऱ्याच इमारतींत ठरलेल्या वेळीच येतं. मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी 2016 मध्ये लातूरने पाहिलंय, त्यामुळे भरून ठेवायची सवय तुला शिकवायला नको. ज्वारीची भाकरी पोळी-भाजी केंद्रात मिळते, चौकशी कर.

आता लोकल. तिची भीती घालवायची तर रिकाम्या वेळी बस, एखाद्या रविवारी दुपारी मामीला बरोबर घेऊन. इंडिकेटर वाचायला शीक. गाडी किती डब्यांची, फास्ट की स्लो, हे त्यावर असतं. फलाटावर बायकांच्या डब्याची जागा दाखवलेली असते, तिथेच उभी राहा. गाडी थांबायच्या आत चढू नकोस, मग इतर बायका काहीही करोत. आत गेलीस की बसलेलीला विचारायचं, “कुठे उतरणार?” ती उठली की जागा तुझी, आणि हा शब्द सगळ्या पाळतात. उतरायच्या बरंच आधी दाराकडे सरकायला लाग आणि पुढचीला विचार, “घाटकोपर का?” नाहीतर गर्दी तुला पुढच्या स्टेशनला घेऊन जाईल. कुणी खेकसली तर मनाला लावून घेऊ नकोस, तिला घरी जाऊन कुकर लावायचा असतो.

आईला सांग की बायकांच्या डब्यांपैकी काही चोवीस तास बायकांचेच असतात, आणि रात्री उशिरा तिथे पोलीस किंवा होमगार्ड असतो. रेल्वेचा मदतीचा नंबर 139. रात्री डबा अगदी रिकामा दिसला तर त्यात एकटी बसू नकोस, चार बायका असतील तिथे बस.

आणखी एक गोष्ट अंगावर येईल, तिच्याबद्दल कुणी सांगत नाही. गावात दहा पावलांवर कुणीतरी विचारतं, “कुणाची गं तू?” इथे महिनाभर कुणी विचारणार नाही. पहिले आठ दिवस मोकळं वाटेल, मग संध्याकाळी खोलीत बसून रडू येईल. तसं झालं म्हणून परत जायचा निर्णय लगेच घेऊ नकोस. आईला फोनवर “सगळं छान आहे” असंही रोज सांगू नकोस, खरं काय ते सांग.

दसऱ्यानंतर ऑफिसातल्या दोघी-तिघी मिळाल्या तर ठाण्याकडे किंवा मुलुंडला घर बघा. ठाण्याहून सुटणारी स्लो गाडी धरली तर बसायला मिळतं, आणि घाटकोपर वीस-पंचवीस मिनिटांवर. रोज तीच गाडी आणि तोच डबा धर. मला मुंबईत माणसं मिळाली ती तिथेच. भाजी निवडता निवडता ओळखी झाल्या. नवरात्रात आमचा अख्खा डबा एका रंगाच्या साड्यांत असायचा. माझ्या बाळंतपणात घरी डबा आला तोही या गाडीतल्या बायकांकडूनच.

रविवारी मामांकडे निघताना मेगाब्लॉक आहे का ते आधी बघ. घाटकोपरहून बदलापूर किंवा कर्जत गाडीच घे. टिटवाळा, आसनगाव, कसारा या गाड्या कल्याणनंतर दुसऱ्या फाट्याला जातात. चुकून बसलीसच तर कल्याणला उतर आणि मागून येणारी कर्जत धर.